ॲम्प्लिफायरवर बसलेली बाई

योको ओनोबद्दल मी कित्येक वर्षं वाईट बोलत आले. तिला मी कधी भेटलेली नाही. तिची मुलाखत कधी धड वाचली नव्हती, तिची कला नेमकी काय आहे हे जाणून घ्यायची तसदी घेतली नव्हती. पण बीटल्सचा विषय निघाला आणि एवढा मोठा बँड फुटला कसा असं कुणी विचारलं, की माझं उत्तर जिभेवर तयार असे : ती बाई आली आणि संपलं. हे मी कॉलेजात म्हटलं, ऑफिसात डब्याच्या वेळी म्हटलं, आणि मुलगी बीटल्स ऐकायला लागली तेव्हा तिलाही मोठ्या जाणकारीनं सांगितलं. एरवी मी स्वतःला स्त्रीवादी वगैरे समजते. बाहेरून आलेल्या बाईवर खापर फोडणाऱ्या मालिकांना नावं ठेवते. योकोच्या बाबतीत हे सगळं कुठे जात होतं कोण जाणे.

हे मत मी कुठून उचललं ते आता नक्की सांगता येणार नाही. आमच्यापर्यंत बीटल्सच्या गोष्टी यायच्या त्या कॅसेटच्या वेष्टनावरच्या चार ओळींतून, रद्दीच्या दुकानातल्या इंग्रजी मासिकांतून आणि कुणाच्या तरी परदेशातल्या मामाकडून. त्यात योको सगळीकडे एकाच रूपात भेटायची : मोकळे काळे केस, जॉन लेननला चिकटलेली, न हसणारी. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्या काळात तिच्याविषयी जे लिहिलं त्यात महायुद्धातल्या जपानचा राग होता, गोऱ्या कातडीचा तोरा होता आणि आपल्या लाडक्या पोराला एका परक्या बाईनं नादी लावलं हा तळतळाट होता. तोच तोरा आपल्या लोकांनीही ब्रिटनमध्ये भोगला होता. तरी मी तो जसाच्या तसा उचलला आणि पुण्यात बसून मिरवला.

पुरावा म्हणून माझ्याकडे एक सिनेमा होता. मायकल लिंडसे-हॉग यांचा ‘लेट इट बी’, १९७० चा. नव्वदच्या सुमारास एका मैत्रिणीकडे व्हिडिओ कॅसेटवर तो पाहिला. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. चेहरे हिरवट, शब्द अर्धे कळणारे. मुळात तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपलेला आणि थिएटरसाठी ३५ मिलिमीटरवर मोठा केलेला, म्हणजे मूळ प्रतही तशी दाणेदारच. जानेवारी १९६९ मध्ये चौघं लंडनच्या ट्विकेनहॅम स्टुडिओत एका भल्यामोठ्या थंड शेडमध्ये नवी गाणी बसवताहेत आणि कॅमेरे ते टिपताहेत, अशी सुरुवात. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, आजचा दिवस कोणता तेही कळत नाही. पॉल मॅकार्टनी जॉर्ज हॅरिसनला गिटार कशी वाजवायची ते समजावत राहतो आणि जॉर्ज शेवटी थंडपणे म्हणतो की तू म्हणशील ते वाजवीन, नको असेल तर मुळीच वाजवणार नाही. आणि जॉनच्या शेजारी, बघावं तेव्हा, ती. मी मैत्रिणीला कोपरानं ढोसून म्हटलं होतं, बघ, बसलीय कशी.

हाच माझा आरोप होता. तिनं नेमकं काय केलं असं कुणी खोदून विचारलं असतं, तर ‘बसली’ यापलीकडे मला काहीही सांगता आलं नसतं.

याच्या जोडीला माझं आणखी एक मत होतं आणि त्याचा तर मला अभिमान होता. गाणं झालं की झालं. ते कसं घडलं याच्या मागे लागू नये. १९९५-९६ मध्ये ‘अँथॉलॉजी’ची मालिका आली आणि तिच्यासोबत अर्धवट टेक, चुकलेल्या सुरुवाती, मधलं हसणं-खिदळणं यांचे तीन दुहेरी अल्बम निघाले, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. चोरून बाहेर आलेल्या टेपा गोळा करणाऱ्या मंडळींची तर मला कीवच यायची. एकाच गाण्याचे ढीगभर टेक ऐकून माणसाला मिळतं काय? आता वाटतं, या दोन मतांचं आतून साटंलोटं होतं. गाणं तयार हवं, कच्चं नको, असा ज्याचा हट्ट असतो त्याला इतिहासही तयारच लागतो, एका वाक्यात मावणारा.

पीटर जॅक्सनचा ‘गेट बॅक’ नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. तीन भाग, मिळून जवळजवळ आठ तास, आणि चित्रण तेच, जानेवारी १९६९ चं. लिंडसे-हॉग यांच्याकडे तेव्हा सुमारे साठ तासांची फिल्म आणि दीडशे तासांच्या आसपास आवाज जमा झाला होता. त्यातून ऐंशी मिनिटांचा ‘लेट इट बी’ निघाला आणि बाकीचं पन्नास वर्षं कपाटात पडलं. सगळं कपाटातही राहिलं नाही. आवाजाची शेकडो रिळं चोरीला गेली, चोरट्या रेकॉर्डी वर्षानुवर्षं विकल्या गेल्या, आणि २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये छापा पडला तेव्हा सुमारे पाचशे रिळं पुन्हा हाती लागली. हे सगळं मला नंतर कळलं. मुलीनं लावला म्हणून मी बघायला बसले, पण खरं सांगायचं तर मनात वेगळंच होतं. आठ तास आहेत, आता बाई रंगेहाथ सापडणार.

पहिल्या भागात मी सिनेमा पाहतच नव्हते, पाळत ठेवून होते. बोलतोय जॉर्ज, आणि माझं लक्ष पडद्याच्या कडेला. ती काय करते? वृत्तपत्र वाचते. शिवत बसते. पॉल पियानोवर ‘लेट इट बी’ जुळवतोय, अजून शब्दही पक्के नाहीत, आणि ती आलेलं टपाल फोडून बघतेय. काहीतरी खाते. जॉनच्या कानाशी पुटपुटते, तो हसतो. तासामागून तास एवढंच. मला राग येत होता, आणि तो कशाचा आहे हे कळल्यावर आणखी आला : ही बाई माझ्या हाती काही लागूच देत नव्हती.

मग आपोआप बाकीच्यांकडे लक्ष जायला लागलं. अगदी सुरुवातीलाच स्टुडिओत हरे कृष्ण पंथाचा एक भक्त मुकाट बसलेला दिसतो, जॉर्जच्या ओळखीनं आलेला. बीटल्सच्याच एका जुन्या सिनेमातला विनोद उकरून कुणीतरी विचारतं की तो म्हातारा कोण? पुढे लिंडा ईस्टमन कॅमेरा घेऊन येते. पॉलशी तिचं लग्न अजून व्हायचंय. तिची सहा वर्षांची मुलगी हेदर येते. चौघांतला चौथा, रिंगो, त्याची बायको मॉरीन येते. चहा-टोस्टचे ट्रे फिरत असतात, कुणी ना कुणी टेकलेलं असतंच. यांच्यापैकी कुणावर बँड फोडल्याचा आळ आला नाही. अर्थात रोज, आणि अगदी खेटून, बसणारी ती एकटीच होती हे खरं, आणि ते बाकीच्यांना अवघड जात असणार हेही दिसतं. १० जानेवारीला दुपारी जॉर्ज बँड सोडून निघून जातो. त्यानंतर उरलेले तिघं पिसाटल्यासारखे वाजवत सुटतात आणि योको माइकमध्ये किंचाळत राहते. तेव्हा मी सोफ्यावरून जवळजवळ उठून म्हणाले, “हे बघ!”

मुलीनं सिनेमा थांबवला. “पण आई, जॉर्ज तर आधीच गेला ना?”

मी म्हटलं, लाव पुढे.

माझ्या मताला खरा तडा गेला तो दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला. १३ जानेवारी, सोमवार. आदल्या दिवशी चौघं रिंगोच्या घरी भेटले होते आणि ती भेट फिसकटली होती. जॉर्ज आलेला नाही. जॉनचाही पत्ता नाही, त्याचा फोन लागत नाही. त्या अवाढव्य शेडमध्ये खुर्च्यांचं एक कोंडाळं, त्यात पॉल, रिंगो, लिंडा, दिग्दर्शक आणि बँडची दोनचार माणसं. रविवारी जॉन गप्पच होता, त्याच्या वतीनं योको बोलत होती, असं बोलण्यात निघतं. मी सरसावून बसले. आता येणार, म्हटलं.

पॉल बोलायला लागतो. तो योकोची वकिली करत नाही. तिच्या सतत असण्यानं जॉनबरोबर गाणी लिहिणं अवघड झालंय, हे त्याच्या बोलण्यात आहे. पण त्या दोघांना एकत्र राहायचंय तर राहू देत, असं त्याचं म्हणणं. जॉनला योको आणि बीटल्स यांतून एक निवडायला लावलं तर तो योकोला निवडणार, हेही तो सरळ सांगून टाकतो, आदळआपट न करता. आणि मग त्याला हसू येतं. पन्नास वर्षांनी हे किती हास्यास्पद वाटेल, म्हणतो : योको ॲम्प्लिफायरवर बसली म्हणून हे लोक फुटले!

मुलगी खळखळून हसली. मला हसता आलं नाही. सव्वीस वर्षांचा एक पोरगा १९६९ मध्ये खुर्चीत रेलून पन्नास वर्षांनंतरच्या कुणाची तरी टिंगल करत होता, आणि ती कुणीतरी मी होते. त्याला माझं वाक्यही माहीत होतं.

रिमोट मागून घेतला आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग त्याच्या पुढचा. बोलणं हळूहळू आटतं. आता दोघंच उरलो, अशा अर्थाचं काहीतरी पॉल म्हणतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. डोळे भरून आलेत. तो कुणाकडेच बघत नाही. रिंगो गप्प. सांत्वन कुणी करत नाही, कारण काय करायचं असतं हे तिथल्या एकालाही ठाऊक नसावं. एवढा वेळ मी ज्या माणसाला हेकट, हुकूम सोडणारा म्हणून ओळखत होते तो हात गळून बसला होता, आणि योको त्या खोलीत नव्हतीसुद्धा.

हे मी ‘लेट इट बी’मध्ये पाहिलं नव्हतं, कारण ते तिथं ठेवलेलंच नव्हतं. जॉर्ज बँड सोडून गेला होता ही गोष्टच १९७० च्या सिनेमात नाही. ज्याच्या जोरावर मी इतकी वर्षं निकाल देत होते त्या सिनेमातून मधली मुख्य घटना काढून टाकलेली होती. तिथे एक भोक होतं, आणि मी त्या भोकात, सतत दिसणारी जी कुणी होती, तिला बसवून टाकलं होतं. असं का केलं हे मी स्वतःला विचारलं, आणि मिळालेलं उत्तर काही शोभणारं नव्हतं. चौघांपैकी कुणी दोषी निघाला असता तर त्याची गाणी ऐकताना मला त्रास झाला असता. योकोला दोषी ठरवणं फुकटात पडत होतं. तिचं मी काहीच ऐकत नव्हते.

त्याच दिवशी दुपारी जॉन येतो. तो आणि पॉल कँटीनमध्ये जेवायला बसतात, आणि चित्रीकरणवाल्यांनी फुलांच्या कुंडीत माइक लपवलाय हे त्यांना ठाऊक नाही. चित्र नाहीच, काट्याचमच्यांचा खणखणाट आणि पडद्यावर उमटत जाणारी वाक्यं. बँडच्या दोन म्होरक्यांमधलं हे खाजगी बोलणं, कुणी ऐकत नाही अशा समजुतीत केलेलं. योकोचं काही असेल तर इथे निघायला हवं होतं. निघतो तो जॉर्ज. जॉर्जची जखम आपणच चिघळू दिली आणि वर पट्टीसुद्धा बांधली नाही, असं जॉन म्हणतो. पॉल म्हणतो की मुख्य तर नेहमी तूच होतास, मी आपला दुय्यम. कोण कुणाला कसं वाजवायला लावतो, कोण कुणाला घाबरतो, हे दोघं अडखळत एकमेकांना सांगतात. इतकं शहाणपण असूनही पुढे जे व्हायचं ते झालंच, हे मला त्या लपवलेल्या टेपचं सगळ्यात विलक्षण वाटलं.

ऐकताना संकोच झाला, हे लिहायला हवं. त्या महिन्यातला बराचसा आवाज नाग्रा नावाच्या यंत्रांवर, मोनो टेपवर, गोळा झालेला आहे. गिटार, ड्रम, माणसं सगळं एकात एक. जॅक्सननं सांगितलंय की खाजगी बोलायचं असलं की हे लोक मुद्दाम गिटार मोठ्यानं वाजवत बसायचे, म्हणजे शब्द टेपवर जाऊ नयेत. त्याच्या मंडळींनी संगणकाला एकेक वाद्य आणि माणसाचा आवाज ओळखायला शिकवलं आणि ती गिटार बाजूला काढून टाकली. ज्यांनी लपवायचं म्हणून लपवलं त्यांचं हे उघड करणं मला अजून पुरतं पटलेलं नाही. जॉन आणि जॉर्ज तर विचारायलाही उरले नव्हते. पण त्यातून माझा गैरसमज निघाला, तेव्हा मी फार सोवळेपणा मिरवू नये.

जॉर्जकडे मी नीट पाहिलं ते यानंतर. बरोबर वर्षभरापूर्वी, जानेवारी १९६८ मध्ये, हा माणूस मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या सिनेमाचं संगीत मुद्रित करत होता. त्या अल्बमच्या श्रेयनामावलीत आशिष खान यांचा सरोद आहे, शिवकुमार शर्मा यांचं संतूर आहे, एस. आर. केंकरे यांची बासरी आणि शरद व हनुमान जाधव यांची सनई आहे. बीटल्सच्या एका गड्याच्या रेकॉर्डवर केंकरे आणि जाधव वाचून मला उगाचच घरचं कुणी भेटल्याचा आनंद झाला. ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीतही त्याच मुक्कामातलं. मुंबईत तो संगीतकार होता, संगीत काय नि कसं हवं ते तो ठरवत होता. ट्विकेनहॅमला येताच पुन्हा चौघांतला धाकटा. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ तो परत परत पुढे करतो. बाकीचे वाजवतात, आणि ते मागे पडतं. पुढे नोव्हेंबर १९७० मध्ये त्याच्या स्वतःच्या तिहेरी अल्बमला त्याच गाण्याचं नाव लागलं. ‘समथिंग’मधली एक जागा बरेच दिवस भरत नाही म्हणून तो विचारतो, तर जॉनचा सल्ला असा की योग्य शब्द सुचेपर्यंत काहीही घाल, फ्लॉवर घाल. हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा असला तरी चांगला आहे, कारण जॉन आणि पॉल खरोखर असंच लिहीत. पॉल ७ जानेवारीला जॉनची वाट बघत नुसता बास झोडतोय, समोर जॉर्ज जांभई देतोय, आणि दोनतीन मिनिटांत त्या अर्थहीन बडबडीतून ‘गेट बॅक’ हे गाणं डोकं वर काढतं. ते टिपलेलं पाहिलं आणि तयार गाण्याविषयीचा माझा सगळा सोवळा सिद्धांत निकालात निघाला. टेक ऐकून काय मिळतं हे मी आता कुणाला विचारत नाही.

महिनाअखेरीस जॉर्ज जॉनला सांगतो की माझी इतकी गाणी साठलीत की माझ्या वाट्याला येणाऱ्या जागा धरल्या तर ती दहा वर्षं पुरतील. आपला वेगळा अल्बम करावा म्हणतो. जॉनला ते पटतं. योको शेजारीच बसलेली. छान कल्पना आहे, म्हणते. घर फोडणाऱ्या बाईचं संभाषण म्हणून हे फारच मिळमिळीत आहे.

आणि बाकीचीही कारणं कुणी लपवून ठेवलेली नव्हती, मीच वाचली नव्हती. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्ये वारला आणि पैशांचं बघणारं विश्वासाचं माणूस गेलं. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रिंगो वैतागून काही दिवस बँड सोडून गेला होता. म्हणजे जॉर्ज पहिला नव्हेच. जानेवारी १९६९ संपता संपता जॉन ॲलन क्लाइन या अमेरिकन व्यवस्थापकाला भेटून भारावून आला, पॉलला मात्र लिंडाचे वडील आणि भाऊ हवे होते, आणि शेवटी ३१ डिसेंबर १९७० ला पॉलनं उरलेल्या तिघांवर दावा लावला. हे कागदावरचं भांडण आहे. पण कागदावरच्या भांडणाची गोष्ट डब्याच्या वेळी सांगता येत नाही.

योकोविषयीही एक गोष्ट तेव्हाच वाचली. नोव्हेंबर १९६८ मध्ये तिचं मूल पोटातच गेलं. लंडनच्या हॉस्पिटलात जॉन तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपत असे. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी ती ट्विकेनहॅमच्या त्या शेडमध्ये जॉनच्या शेजारी होती. बसलीय कशी, असं मी जिला म्हटलं, ती ही.

आमच्या घरातही एक योको होती, हे मला त्या रात्री झोपताना आठवलं. धाकटी काकू. ती आली आणि वाड्याची वाटणी झाली, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि लग्नाकार्यात तिच्याशी बेताचंच बोलत आलेय. वडिलांना फोन केला तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, वाटणीचा कागद तिच्या लग्नाआधीचा आहे, तुला कुणी सांगितलं? कुणी सांगितलं याचं मला उत्तर देता येईना. काकू आता नाही.

‘गेट बॅक’नं योकोला निर्दोष सोडलं असं लिहून मी मोकळी होऊ शकले असते. पण त्या सिनेमाच्या निर्मात्यांत पॉल, रिंगो आणि जॉर्जची पत्नी ऑलिव्हिया यांच्यासोबत योकोचंही नाव आहे. आरोपीनंच चौकशी समिती नेमली, असं कुणी म्हटलं तर त्याचं तोंड धरता येणार नाही. जॅक्सननंही साठ तासांतून आठ तास निवडलेत. हसरे क्षण त्याला जास्त आवडतात हे उघड दिसतं. आणि कच्च्या टेपाही आपोआप खरं बोलत नाहीत. ‘गेट बॅक’ या गाण्याच्या सुरुवातीच्या टेकमध्ये पाकिस्तानी स्थलांतरितांविषयीची कडवी होती. राजकारणी इनॉक पॉवेलनं एप्रिल १९६८ मध्ये केलेल्या भाषणापासून ब्रिटनमध्ये ‘यांना परत पाठवा’चं जे वारं वाहत होतं त्याची पॉल टवाळी करत होता, आणि पुढे ती कडवी गळली. पण तेवढाच तुकडा चोरट्या रेकॉर्डीवर फिरला आणि ऐकणाऱ्यांनी उलटा अर्थ काढून पॉललाच वर्णद्वेषी ठरवलं. मी त्यांना नावं कशी ठेवू? मी तर एका बसण्यावरून खटला चालवला होता.

मे २०२४ मध्ये ‘लेट इट बी’ स्वच्छ करून पुन्हा दाखवायला लागले. पाहिला, आणि गोंधळून गेले. माझ्या आठवणीतला सुतकी सिनेमा तिथे नव्हताच. चौघं हसतात, चेष्टा करतात. साथीला आलेला बिली प्रेस्टन इलेक्ट्रिक पियानोवर बसतो आणि सगळ्यांच्या अंगात येतं. शेवटी इमारतीच्या छतावर थंडीत जीव तोडून वाजवतात, आणि योको मॉरीनशेजारी बसून ऐकते. पॉल-जॉर्जची ती कुरबुर आहे, पण थोडकीच. १९७० च्या मे महिन्यात जे लोक हा सिनेमा बघायला गेले त्यांनी पॉल वेगळा झाल्याची बातमी एप्रिलमध्ये वाचलेली होती. सुतक ते घरूनच घेऊन गेले होते. माझं सुतक त्यांच्याकडून आलेलं, वर हिरवट कॅसेटची भर. लिंडसे-हॉग यांनी जॉर्जचं जाणं गाळलं, ही माझी तक्रार कायम आहे. बाकीचं मात्र त्यांच्या माथी मारता येत नाही.

एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती आणि तरी तिचा माझ्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता, याचं आता जास्त आश्चर्य वाटतं. जॉनची घरी केलेली अर्धवट गाणी ज्या कॅसेटींवर होती त्या १९९४ मध्ये योकोनंच पॉलच्या हवाली केल्या. त्यातून ‘फ्री ॲज अ बर्ड’ झालं, ‘रिअल लव्ह’ झालं, आणि एका टेपवर पियानोखाली जॉनचा आवाज इतका दबला होता की ते गाणं तिघांनी सोडून दिलं. जॅक्सनच्या मंडळींच्या त्याच यंत्रानं तो आवाज पुढे सोडवला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ निघालं. ‘फ्री ॲज अ बर्ड’ मी १९९५ मध्ये ऐकलं होतं, आवडीनं ऐकलं होतं. टेप कुणी दिली हे वेष्टनावर वाचूनही माझं मत हललं नाही. मत पक्कं असलं की माणसाला वाचता येत नाही, निदान मला तरी आलं नाही.

माझा हा बदल मुलीला फारसा भावलेला नाही. तिच्या मते मी आता दुसऱ्या टोकाला जाऊन योकोची आरती ओवाळणार. तसं काही नाही. तिचं गाणं मला आजही सोसत नाही. दोनदा प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मधेच बंद केलं. ‘गेट बॅक’मध्ये हेदर माइकसमोर उभी राहून तोंड वासून किंचाळायला लागते, आणि जॉन दचकल्याचं सोंग करून “योको!” म्हणतो. तो तुकडा आला की आम्ही दोघी मायलेकी अजून पोट धरधरून हसतो, आणि मुलगी तो परत लावते.